धनुष्य जप्त, फास मोकळा

वैशाख लागला की जमशेदपूरच्या उत्तरेस, सुवर्णरेखेपलीकडच्या दलमा डोंगररांगेत शिरणाऱ्या वाटांवर वनखात्याचे तपासणी नाके उभे राहतात. संथाळ, हो, मुंडा आदी समाजांच्या वार्षिक सामूहिक शिकारीचा, म्हणजेच ‘सेंदरा’चा हा हंगाम. नाक्यावर येणाऱ्या टोळ्यांची झडती होते. धनुष्ये, बाण, भाले, जाळी काढून घेतली जातात. दुसऱ्या दिवशी वनखाते शिकार झाली नसल्याचे जाहीर करते आणि शिकारी आपली परंपरा पार पडल्याचे सांगतात. दोघांच्याही म्हणण्याची शहानिशा करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. नदीच्या अलीकडे, त्याच जमशेदपूर शहरात, १९९६ पासून टाटा उद्योगसमूहाची धनुर्विद्या अकादमी चालते. झारखंडच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे लाखांच्या किमतीची आयात धनुष्ये हाताळतात आणि देशासाठी पदके आणतात.

एका काठावर धनुष्य म्हणजे गौरव आणि दुसऱ्या काठावर मुद्देमाल, ही विसंगती दाखवून लेख संपवणे सोपे आहे. आदिवासींची बाजू घेणारे पुष्कळ लेख तेथेच संपतात. वन्यजीवांची बाजू घेणारे लेख अभयारण्यात शस्त्र नको, एवढे सांगून थांबतात. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. नाक्यावर एकेकाळी मीही उभा होतो आणि त्या रात्री मी जे केले, ते कायद्याला धरून असले तरी त्याने एकही हरीण वाचले नव्हते.

१९८० च्या दशकाचा उत्तरार्ध होता. तेव्हाच्या बिहारच्या दक्षिण भागात एका उपविभागाचा तरुण अधिकारी म्हणून मी नेमलेला होतो. शिकारीच्या आदल्या संध्याकाळी पोलीस आणि वनरक्षक यांच्यासह मी अभयारण्याच्या सीमेवरील नाक्यावर गेलो. रात्री दहापर्यंत रस्त्याकडेला धनुष्यांची रास लागली होती. टोळीबरोबर आलेला एक वृद्ध त्या राशीजवळ उकिडवा बसून होता. आपले धनुष्य त्याने आधीच दिले होते, पण ते ज्या रीतीने फेकले गेले ते त्याला रुचले नव्हते. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मला कुतूहल वाटले. मी त्याच्याजवळ बसलो आणि धनुष्य कसे निवडतात, एवढेच विचारले.

त्याने सांगितले ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले. बांबू भरीव हवा, पोकळ चालत नाही. तो थंडीच्या दिवसांत, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, म्हणजे भुंगा लागत नाही. धनुष्याची लांबी ज्याची त्याने आपल्या उंचीवरून ठरवायची. दुसऱ्याचे धनुष्य उसने घेणारा नेम हमखास चुकवतो. त्याची दोरीही बांबूच्याच सालीची होती, कारण सुताची दोरी दमट हवेत सैल पडते. भात्यात बाण तीन तऱ्हेचे. बोथट लाकडी टोकाचा पाखरांसाठी, म्हणजे पाखरू रक्तबंबाळ न होता खाली येते. अरुंद लोखंडी टोकाचा सशासारख्या लहान जनावरासाठी. रुंद पात्याचा भेकर किंवा रानडुकरासाठी. रुंद पात्याचा बाण वीस-पंचवीस पावलांच्या पलीकडे सोडायचा नाही, असे त्याच्या वडिलांनी त्याला बजावले होते. लांबून मारलेले जनावर जखमी होऊन पळते, झुडपात मरते आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही. शेवटी तो म्हणाला, ‘‘हुजूर, धनुष्य तर तुम्ही पाहिलेत. तारेचा फास कोणी पाहिला का?’’

तो काय म्हणतो ते मला तेव्हा कळले नाही. पंधरा दिवसांनी एका वनरक्षकाबरोबर त्याच जंगलात पायी हिंडताना कळले. पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटांवर सायकलच्या ब्रेकच्या तारेचे फास लावलेले होते. एका फासात भेकराची मादी अडकून मेली होती. दोन-तीन दिवस झाले असावेत. फास लावणारा हंगाम पाहत नाही, मादी पाहत नाही, आणि पुष्कळदा लावलेला फास काढायलाही परत येत नाही. मी वर पाठवलेल्या अहवालात मात्र ‘शिकार: निरंक’ अशी नोंद गेली होती. जप्त केलेली धनुष्ये मुद्देमाल खोलीत वाळवीने खाल्ली. त्या वृद्धाने न्यायालयाच्या तीन तारखांना हजेरी लावली, प्रत्येक वेळी एका दिवसाची मजुरी बुडवून. माझ्या कारकिर्दीतील ही मोठी चूक म्हणून कोठेही नोंदलेली नाही, पण मी ती तशीच मानतो.

आता कायद्याकडे वळतो, कारण या वादात कायदा न वाचताच बोलणारे दोन्हीकडे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण स्पष्ट शब्दांत आहे. बंदूक, स्फोटके, विष, जाळे आणि फास यांच्याच पंक्तीत तो बसवलेला आहे. कलम ३१ नुसार लेखी परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात शिरणे हाच गुन्हा ठरतो. अभयारण्यात शिकार केल्यास शिक्षा किमान तीन वर्षे कैदेची. शिकारीच्या व्याख्येत मारणे, पकडणे, त्यासाठी जनावराला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे, हे सारे येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. पण त्यातून शिकारीचा पारंपरिक हक्क नाव घेऊन वगळला. संपूर्ण देशात याला एक लक्षणीय अपवाद आहे. निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क १९७२ च्या कायद्यानेच, कलम ६५ मध्ये, अबाधित ठेवले आहेत. म्हणजे परंपरा म्हणून शिकारीला मान्यता देणे ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. मुख्य भूमीवर मात्र संसदेने विचारपूर्वक ‘नाही’ म्हटले आहे.

हे ‘नाही’ ज्यांना ऐकवले गेले, त्यांनी आधी काय पाहिले होते, तेही ध्यानात घ्यावे लागते. मयूरभंजच्या राजांचे राखीव शिकारीचे रान आज सिमलीपाल व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखले जाते. तेथेही ‘अखंड शिकार’ या नावाने सामूहिक शिकारीची परंपरा आहे. इंग्रजी अमलात राखीव जंगले आखली गेली, शिकारीचे परवाने निघाले आणि बंदूकधारी पाहुणा ‘शिकारी’ तर धनुष्यधारी रहिवासी ‘चोरटा’ ठरला. सरगुजा संस्थानच्या एका महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघ मारल्याचा लौकिक सांगितला जातो. भारतातील अखेरचे म्हणून ज्यांची नोंद होते, ते तीन चित्ते १९४७ मध्ये शेजारच्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी टिपले, तेही बंदुकीने. १९७२ चा कायदा आल्यानंतरही ठराविक प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद त्याच्या मजकुरात होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. परवान्यांच्या त्या काळात बांबूच्या धनुष्याला परवाना घेऊन कोणी शिकारीला गेल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

हा भेद इंग्रजांनीच आणला, असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली आहेत. मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायू यांच्या दोऱ्या सांगितल्या आहेत. बाणाची टोके लोखंडाची, हाडाची वा लाकडाची असावीत आणि त्यांचे काम छेदणे, भेदणे किंवा नुसते ताडणे असावे, असे वर्गीकरणही त्यात आहे. नाक्यावरच्या त्या वृद्धाचा भाता मला पुढे या प्रकरणात जवळपास जसाच्या तसा सापडला. याच ग्रंथात अभयवनातील पशुपक्ष्यांना मारणाऱ्यास सर्वांत मोठा दंड सांगितला आहे. पण तोच अपराध कुटुंब पोसणाऱ्या गृहस्थाकडून घडला तर दंड मध्यम. वन राखायचे, पण पोटासाठी अपराध करणारा आणि इतर यांत फरकही करायचा, एवढा विवेक त्या कठोर ग्रंथकारालाही होता.

सम्राट अशोकाचे उदाहरण याहून बोलके आहे. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज असंख्य प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही. पुढे हेही थांबेल. तेराव्या शिलालेखात तोच सम्राट आपल्या राज्यातील अटवीच्या, म्हणजे अरण्याच्या, रहिवाशांना समजावणीच्या सुरात, पण आपल्या सामर्थ्याची आठवण करून देत, वागणूक सुधारण्यास बजावतो. राजवाड्यातले हरीण हळूहळू, सवडीने बंद होते. अरण्यवासीयांना मात्र इशारा तत्काळ मिळतो. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही आपली पद्धत फारशी बदललेली नाही. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर पिकांची नासाडी करतात म्हणून २०१५ च्या अखेरीस त्यांना काही जिल्ह्यांत उपद्रवी घोषित केले गेले आणि पुढच्या वर्षी मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून नीलगायी मारण्यात आल्या. केरळने २०२२ मध्ये परवानाधारक बंदूकवाल्यांमार्फत रानडुकरे मारण्याचे अधिकार स्थानिक संस्थांपर्यंत नेले. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि या निर्णयांना आधारही आहे. परंतु राज्यसंस्थेला मारणे भाग पडते तेव्हा ती बंदूक निवडते आणि पकडायचे असते तेव्हा धनुष्य, ही गोष्ट जंगलाकाठच्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

येथवर वाचून मी सेंदराला परवानगी मागणार, असे वाचकाला वाटेल. तसे नाही. हरणाची बाजू आता मांडतो. ती मांडणारे मतदार नसतात.

झारखंडमधला पलामू हा १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. २०१८ च्या गणनेत तेथे एकही वाघ आढळला नाही. वाघाला वर्षाकाठी हरणाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात. ती नसतील तर वाघ राहत नाही, राहिला तर गुरांवर येतो आणि मग माणसाच्या रोषाला बळी पडतो. खुरांच्या वन्य प्राण्यांची घनता झारखंड, ओडिशा आणि छत्तीसगडच्या अनेक जंगलांत चिंता वाटावी इतकी कमी आहे. कान्हा किंवा ताडोबा पाहून आलेल्या पर्यटकाला या जंगलांतली शांतता नीट कळते: झाडे आहेत, पाणी आहे, चितळ मात्र दिसत नाही. याची कारणे अनेक आहेत. खाणी आहेत, तुटलेले वनपट्टे आहेत, गुरांची चराई आहे, फास आहेत आणि उघड्या विद्युत तारा आहेत. पण सामूहिक शिकार त्यात नाही असे म्हणणे ही आत्मवंचना ठरेल.

पूर्वी जंगल सलग होते. हाक्याने उठलेले जनावर एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाऊ शके. आता ते रानातून बाहेर पडते तो महामार्ग, शेत किंवा कारखान्याची भिंत लागते. पूर्वी चालत येणारे आता वाहने आणि रेल्वेने दूरदूरहून येतात. वैशाख-ज्येष्ठात पाणवठे मोजके उरतात, पुष्कळ जनावरे गाभण वा लेकुरवाळी असतात, आणि तेव्हाच काठ्या, कुत्री आणि शेकडो माणसांचा हाका उठतो. एप्रिल २०१८ मध्ये पश्चिम बंगालच्या लालगड परिसरात वाट चुकून आलेला एक वाघ शिकारीच्या हंगामातच भोसकून मारला गेला. पुढच्या वर्षी कोलकाता उच्च न्यायालयाने दक्षिण बंगालमधील अशा शिकारी रोखण्याचे आदेश राज्याला दिले. न्यायालयाचे हे पाऊल मला योग्य वाटते. ज्या वृद्धाने वीस पावलांचा नियम मला सांगितला, त्याचा नियम पाळणारे त्या गर्दीत किती उरले असतील, याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

काही मित्र अमेरिकेचा दाखला देतात. तेथे शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि लक्षावधी लोक धनुष्य घेऊन रानात जातात. धनुष्य कोणते घ्यावे, दोरी ओढायला किती पौंडांचे बळ लागावे, बाण किती वजनाचा आणि त्याचे पाते किती रुंद असावे, याची तेथे काटेकोर चर्चा चालते. जखमी जनावर पळून जाऊ नये म्हणून अनेक राज्यांनी धनुष्याच्या बळाची किमान मर्यादाच घालून दिली आहे. शिकारीच्या साधनांवरील केंद्रीय कर वन्यजीव संरक्षणाला मिळतो. १९३७ मध्ये बंदुकांपासून सुरू झालेली ही व्यवस्था १९७० च्या दशकात धनुष्यबाणांनाही लागू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी पाच लाखांच्या आसपास उरलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज तीन कोटींच्या घरात आहेत. म्हणून भारतातही परवाने द्यावेत, असे या मित्रांचे म्हणणे.

हे उदाहरण आपल्याला लागू पडत नाही. तेथे लांडगे आणि डोंगरी सिंह बहुतेक प्रदेशांतून नाहीसे झाल्यामुळे हरणे वाढली आहेत आणि माणूस त्यांची जागा घेतो. आपल्याकडे ती जागा भरणारे वाघ, बिबटे आणि रानकुत्रे अजून आहेत. त्यांच्याच ताटात अन्न कमी आहे. शिवाय परवान्याची पद्धत आली की परवाना कोणाला मिळेल, हे सांगायला ज्योतिषी नको. वातानुकूलित गाडीतून महागडे धनुष्य घेऊन येणाऱ्या शहरी हौशी माणसाला तो मिळेल. बांबूच्या धनुष्याचा मालक त्याचे सामान वाहील. १८७८ चा वन कायदा आल्यानंतर जे घडले, त्याची ही नवी आवृत्ती असेल. अमेरिकेकडून घेण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती त्या वृद्धालाही ठाऊक होती: साधन निवडताना जनावराच्या यातनेचा विचार करावा लागतो. त्या कसोटीवर फास सर्वांत आधी नापास होतो.

मग सेंदराचे काय करायचे? त्यासाठी सेंदरा काय आहे, हे आधी समजून घ्यावे लागेल. संथाळ समाजात वार्षिक शिकारीचे आवाहन ‘दिहरी’ करतो. आठवडी बाजारांतून सालवृक्षाची डहाळी फिरवून ते गावोगाव पोहोचवण्याची रीत होती. दिवसभराच्या शिकारीनंतर रात्री जंगलातच सभा भरते. ‘लो बीर’ या नावाने ती ओळखली जाते आणि पारंपरिक व्यवस्थेत ती संथाळांचे सर्वोच्च न्यायपीठ मानली गेली आहे. गावच्या मांझीविरुद्ध, इतकेच नव्हे तर अनेक गावांवरील परगण्याविरुद्धही, सामान्य माणूस तेथे दाद मागू शकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संथाळ परगण्यात अधिकारी असलेल्या डब्ल्यू. जी. आर्चर यांनी या न्यायपद्धतीचा सविस्तर अभ्यास केला आहे. म्हणजे आपण नाक्यावर ज्याला शिकारी टोळी म्हणून अडवतो, ती पुष्कळ अंशी आपल्या न्यायसभेला निघालेली असते. हरणाचे मांस हा त्या मेळाव्याचा एक भाग. मुखियाला जाब विचारता येणे, गावागावांतले तंटे मिटणे, तरुणांची ओळखपाळख, हे त्याहून मोठे भाग. आपण सारे एकाच कलमाखाली अडवतो आणि मग संथाळ तरुणाला असे वाटते की सरकारला हरीण वाचवायचे नसून आपली सभा मोडायची आहे. १८५५ चा हूल आणि १८९९-१९०० चा बिरसा मुंडांचा उलगुलान ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांच्या हातचे धनुष्य काढून घेताना तरी शासनाने याचे भान ठेवायला हवे.

परंपरा बदलत नाहीत, हा दोन्ही बाजूंचा आवडता गैरसमज आहे. उराँव समाजात दर बारा वर्षांनी ‘जनी शिकार’ होते. रोहतासगडाच्या रक्षणासाठी पुरुषवेष घेऊन लढलेल्या स्त्रियांचे ते स्मरण. त्या दिवशी स्त्रिया पुरुषांचा पोशाख करून, शस्त्रे घेऊन निघतात. आता अनेक ठिकाणी त्या रानात न जाता गावोगाव फिरून बकरे, कोंबड्या मिळवतात आणि सामुदायिक भोजन करतात. वन्य प्राणी वगळला गेला, स्मरण शाबूत राहिले. अरुणाचल प्रदेशात निशी पुरुषांच्या शिरस्त्राणावर धनेश पक्ष्याची चोच असे. तिच्या जागी कृत्रिम चोच आली आणि ती समाजाने स्वीकारली. त्याच राज्यात मार्च २०२१ मध्ये एअरगन स्वेच्छेने परत करण्याची मोहीम सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या. नागालँडमधील खोनोमा गावाने १९९८ मध्ये आपल्या जंगलात स्वतःहून शिकारबंदी केली. पांगती परिसरात २०१२ मध्ये अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यांत पकडले गेले होते. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी जाळी गुंडाळली. या साऱ्या ठिकाणी निर्णय गावाच्या सभेत झाला आणि त्याची राखणही गावानेच केली.

माझ्या सूचना साध्या आहेत आणि त्यांसाठी कायद्यात एकही दुरुस्ती लागत नाही. पहिली, शिकारीवरील बंदी पूर्णपणे कायम ठेवावी. पण वाटाघाटी वैशाखाच्या आठवडाभर आधी न करता कार्तिकात, पिके घरात आल्यावर, दिहरी, मांझी आणि ग्रामसभांशी सुरू कराव्यात. १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा आणि तंटे सोडवण्याच्या रूढ पद्धती जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, त्याचा आधार घ्यावा. दुसरी, लो बीर सभेसाठी अभयारण्याबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, पाणी आणि मंडपासह जागा ठरवून द्यावी. पूजेपुरते ज्यांना आत जावे लागते, त्या ठराविक लोकांना कलम ३१ मधील लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांनी द्यावी. ही तरतूद कायद्यात आधीपासून आहे, फक्त वापरली जात नाही.

तिसरी सूचना नाक्यावरच्या शिपायासाठी आहे. धनुष्यबाण ठेवून घ्यायचाच असेल तर पावती देऊन ठेवावा आणि परतताना सन्मानाने परत करावा. फास, जाळी, विष, गावठी बंदुका आणि स्फोटके मात्र जप्त करून त्यांचे खटले खरोखर चालवावेत. चौथी, वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीवांच्या रक्षणाचे अधिकार ग्रामसभांना दिले आहेत. त्यानुसार वर्षभर, विशेषतः उन्हाळ्यात, फास शोधून काढण्याचे काम गावातल्याच अनुभवी शिकाऱ्यांना रोजंदारीवर द्यावे. जनावराची वाट ओळखणारी नजर त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाची नाही. आणि ज्यांचे पीक रानडुक्कर खाते, त्यांची भरपाई पुढच्या पेरणीपूर्वी हाती पडावी. नाहीतर दिवसा रान राखणारा माणूसच रात्री तार लावेल.

पाचवी सूचना क्रीडाखात्यासाठी. १९८० च्या दशकात क्रीडा प्राधिकरणाने आदिवासी भागांत शोध घेतला म्हणून राजस्थानच्या आहारी समाजातला लिंबाराम देशाला मिळाला आणि तीन ऑलिम्पिक खेळला. आज शोध घेणाऱ्यांनी सेंदराच्या मेळ्यात जावे. तेथे बांबूच्या धनुष्याची नेमबाजी, बोथट बाणांनी, ठरलेल्या अंतरावर व्हावी. जिंकणाऱ्या मुलामुलींना नदीपलीकडच्या प्रशिक्षण केंद्राचे दार उघडावे. परंतु बांबूचे धनुष्य ही केवळ ऑलिम्पिकची पहिली पायरी, असे मात्र कोणी समजू नये. ते स्वतःच एक पूर्ण विद्या आहे. कोणता बांबू, कोणती दोरी, किती अंतर, कोणते टोक, हे सारे त्या विद्येत आहे आणि कोठे थांबायचे, तेही त्यात आहे.

यावर असा आक्षेप येईल की, सभा आणि नेमबाजी यांनी समाधान न झालेले काही जण तरीही रानात शिरतील. शिरतील, हे मला मान्य आहे. त्यांच्यावर कायद्याने कारवाई व्हावी, तीत दयामाया नको. मात्र त्या वेळी कारवाई करणाऱ्या वनरक्षकाच्या पाठीशी त्या समाजाची सभा उभी असेल, आणि एवढ्याने जंगलातली परिस्थिती पुष्कळ बदलते. आज तो एकटा असतो. मोजक्या माणसांनी शेकडो चौरस किलोमीटरचे रान राखणे अशक्य आहे, हे वनखात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. खाजगीत ते तसे बोलतातही.

तिसऱ्या तारखेनंतर तो वृद्ध मला कचेरीच्या आवारात भेटला. धनुष्य परत मिळेल का, असे त्याने विचारले. मुद्देमाल खोलीतली अवस्था मी पाहिलेली होती. ते सांगण्याचा धीर मला झाला नाही. ‘‘बाबा, नवे करा ना,’’ असे काहीतरी मी म्हणालो. तो म्हणाला, बांबू अजून तयार नाही. थंडीपर्यंत थांबावे लागेल. त्या हंगामात त्याच्या हाती धनुष्य नव्हते, आणि तरीही पाणवठ्याच्या वाटेवर भेकर मरून पडले होते. शासनाने दरवर्षी वैशाखात काय जप्त करायचे आणि काय शोधायचे, हे ठरवताना ही गोष्ट विचारात घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.